टाकीवाला प्रिंटर

"महिन्याला किती पानं काढता?" नागपुरात, बर्डीच्या बाजारातल्या त्या प्रिंटरवाल्या दुकानदारानं विचारलं.

प्रश्न साधा होता आणि माणूसही साधा होता. वैरागडे त्याचं नाव. चष्मा कपाळावर सरकवून तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता, आणि खरं उत्तर असं होतं की मला एकही पान काढायचं नव्हतं. पेन्शन बँकेत परस्पर जमा व्हायची, लाइटचं बिल माझी मुलगी रेवती मस्कतहून मोबाइलवर भरायची, आणि पत्र लिहावं असं कोणी उरलं नव्हतं. पण हे सांगितलं असतं तर त्यानं मला पाणी पाजून परत पाठवलं असतं. म्हणून मी म्हणाले, "पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे? पन्नास का पाचशे?"

"घरी येणंजाणं फार आहे हो आमच्याकडे. ज्याला त्याला काही ना काही लागते."

ही शुद्ध थाप होती. त्या दिवसांत माझ्याकडे येणंजाणं होतं ते दूधवाल्याचं आणि भांड्याच्या बाईचं. त्यातला दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून जायचा आणि बाईला पुढची घरं असायची, त्यामुळे तीही पदर खोचूनच आत शिरायची.

वैरागड्यांनी मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मन लावून समजावून सांगितलं. एक यंत्र अगदी स्वस्त होतं, पण त्याची शाई बोटभर डबीत यायची आणि डबी पाहता पाहता संपायची. म्हणजे यंत्र घेताना हसायचं आणि शाई घेताना रडायचं. दुसरं होतं लेझरचं. ते झपकन पान टाकायचं, पण नुसतं काळं. तिसऱ्याला बाजूला छोट्या छोट्या टाक्या होत्या आणि त्यांत बाटलीनं शाई ओतायची. यंत्राची किंमत ऐकून मी खुर्चीच्या कडेवर आले, पण शाई इतकी स्वस्त की वाटेल तेवढी पानं काढा, हिशोब ठेवायलाच नको.

"कोणाला फुकट काढून दिलं तरी परवडेल ना?" मी विचारलं.

"आख्ख्या मोहल्ल्याला द्या काकू, बाटली हलणार नाही."

तिथंच माझं ठरलं. कारण पैसे घेतले की ते दुकान होतं, आणि दुकानात कोणी बसत नाही, कागद घेतला की लोक वाटेला लागतात. फुकट दिलं तर माणसाला लगेच उठवत नाही, भीड पडते, दोन शब्द बोलावे लागतात. स्वस्त शाई मला हवी होती ती एवढ्यासाठी. माझ्या घरात कोणीतरी येऊन बसावं, एवढाच माझा स्वार्थ होता.

मग त्यांनी वायफायचं विचारलं. साधा घेतला तर कॉम्प्युटरला वायर जोडावी लागेल, वायफायचा घेतला तर थोडे पैसे जास्त, पण मोबाइलवरूनच पान निघेल. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा प्रश्नच मिटला. "आणि दुसरा फायदा म्हणजे," वैरागडे पावती फाडता फाडता म्हणाले, "जो तो आपल्या जागेवरून पान काढू शकते. कोणाले उठायचं कामच नाही."

त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. पण मी तेव्हा मनातल्या मनात कपबशा मोजत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझं सगळं आयुष्य भंडाऱ्याला गेलं. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दोन्ही अंगांना माझ्यासारख्याच बोलघेवड्या बायका. पुढे बोर्ड गेले, आपोआप फोन लागायला लागले आणि आम्हाला बिलाच्या काउंटरवर बसवलं, तरी माणसांचा राबता काही सुटला नाही. नवरा लवकर गेला. पण भाड्याचं घर भर वस्तीत होतं, आणि दार उघडं टाकून निवडणं-टिपणं करायला बसलं की जाणाऱ्या-येणाऱ्यांतली एखादी तरी टेकायचीच. एकटेपण म्हणजे काय ते मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

रिटायर झाल्यावर रेवतीजवळ राहावं म्हणून तिच्याच भागात, नागपुरात एका फ्लॅट स्कीममध्ये घर घेतलं. आणि वर्ष सरायच्या आत जावयाला मस्कतची नोकरी लागली. ती दोघं विमानात बसली आणि मी पहिल्या मजल्यावर राहिले. स्कीम लहानशी होती, लोक भले होते, कोणाशी वाकडं नव्हतं. जिन्यात भेटले की "काय काकू, बरं आहे ना?" असं विचारायचे आणि माझं उत्तर अर्ध्यावर असताना गाडीची किल्ली काढायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. नोकऱ्या, शाळा, शिकवण्या. दुपारी तर सगळी स्कीम कुलूपबंद असायची आणि घर खायला उठायचं. टीव्ही लावून दुसऱ्या खोलीत बसलं की माणसं असल्यासारखं वाटतं, हा शोध मी त्या वर्षी लावला.

अशात एक दिवस बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली रसिका गावंडे उभी. बँकेत नोकरी करणारी, चटपटीत पोरगी. तिच्या लेकीच्या शाळेत दुसऱ्या दिवशी पक्ष्यांची रंगीत चित्रं द्यायची होती आणि झेरॉक्सचं दुकान होतं रेल्वे फाटकाच्या पलीकडे. फाटक पडलं की अर्धा तास तिथंच. ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडे प्रिंटर नाही ना?"

विचारतानाच नाही हे उत्तर गृहीत धरलेलं होतं. मीही नाही म्हणाले, आणि ती "चालते चालते, सहज विचारून पाहिलं" म्हणत वरच्या मजल्यावर पळाली. मी तोवर तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली होती. ती परत भिंतीला लावताना मला इतकं वाईट वाटलं, की माझं मलाच हसू आलं. वस्तू नाही म्हणून माणूस दारातून परत गेलं होतं, मग वस्तू आणावी. ऑपरेटरची अक्कल याच्यापुढे जात नाही.

तर असा तो प्रिंटर घरी आला. जोडायला रसिकाचा नवरा सागर आला. तो कॉम्प्युटरच्याच कामातला, बोलायला कमी आणि वागायला आदबशीर. त्यानं टाक्या भरल्या, माझ्या मोबाइलवर काहीबाही टाकलं आणि पहिलं पान काढून दाखवलं. "काकू, तुम्हाला एकटीला एवढा मोठा काहून लागते?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, एकटीला नाही रे बाबा, सगळ्यांना. स्कीमच्या ग्रुपवर टाक म्हणाले, ज्याला लागेल त्यानं यावं, पैसे कोणी विचारायचे नाहीत.

आणि लोक आले. खरंच आले. पहिले काही आठवडे माझे इतके सुखात गेले, की त्यांची आठवण निघाली तर आजही बरं वाटतं. कोणाला नद्यांचा नकाशा पाहिजे, कोणाला तिरुपतीची तिकिटं, कोणाला भाड्याचा करार. वरच्या कळंब्यांची सून बायोडाटा काढायला आली आणि तिच्या सासूबद्दल बोलत बसली. स्कीमचे अध्यक्ष पोहरकर, वनखात्यातून रिटायर झालेले, एका पानासाठी आले आणि मेळघाटातल्या अस्वलाची आख्खी गोष्ट सांगून गेले. मी डब्यात चिवडा करून ठेवायला लागले. दुपारी बेल वाजली की पाय जमिनीला लागायचे नाहीत.

त्यातच मला एक युक्ती सापडली. मोबाइलवर पान काढताना तो प्रिंटर विचारायचा, साधं काढू की उत्तम काढू? साधं म्हटलं तर पान लगेच पडायचं. उत्तम म्हटलं तर तो एकेक रेघ ओढत बसायचा, थांबायचा, परत ओढायचा. रंगीत चित्र असलं तर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. मी सगळ्यांना उत्तमच काढून द्यायला लागले. लाइटचं बिलसुद्धा. शाई जास्त जायची, पण ती तर स्वस्त होती, म्हणूनच घेतला होता. लोक म्हणायचे, काकू, तुमच्या प्रिंटरचं पान किती सुरेख येतं. मी म्हणायचे, थोडा वेळ लागतो त्याला, बसा.

एका रविवारी रसिका आणि सागर दोघं बसले होते. लेकीच्या प्रोजेक्टची पानं निघत होती, निघतच होती. सागरनं घड्याळ पाहिलं, मला स्वयंपाकघरात ये-जा करताना पाहिलं आणि त्याला फार अपराधी वाटलं असावं. "काकू, सगळे येऊन येऊन तुम्हाला त्रास देऊन राहिले," तो म्हणाला. "हे मी सरळ करून देतो." मी म्हणाले, त्रास कसला. ते त्याला नागपुरी आदरातिथ्य वाटलं.

त्यानं खरंच सगळं सरळ करून दिलं. समोरच्या, वरच्या आणि खालच्या घरांना माझं वायफाय पोचत होतं, त्यांचे मोबाइल थेट जोडून दिले. बाकीच्यांसाठी प्रिंटरलाच एक ईमेल काढून दिला. त्यावर कागद पाठवला की पान निघणार. प्रिंटरला स्वतःचा ईमेल आहे हे ऐकून मी थक्क झाले, मला स्वतःला नव्हता. आणि रसिकानं माझ्या दाराच्या ग्रिलला एक छान खणाची पिशवी शिवून अडकवली. पानं निघाली की काकूंनी पिशवीत टाकायची, ज्याची त्यानं येता-जाता उचलायची. बेल वाजवायची गरज नाही. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

त्या दिवसापासून माझ्या घरात पानं यायला लागली आणि माणसं यायची बंद झाली.

दुपारी मी सोफ्यावर पडलेली असायची आणि आतल्या खोलीतून घरघर ऐकू यायची. आत कोणी नाही हे माहीत असून पहिल्या पहिल्यांदा मी दचकून उठायची. जाऊन पाहावं तर ट्रेमध्ये गरम पान. कोणाचं तरी तिकीट, कोणाचा तरी राजीनामा. मी ते पिशवीत नेऊन टाकायची. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजायची, पिशवी खसखसायची, पावलं वर जायची. एकदोनदा मी मुद्दाम दार उघडलं, तर समोरचा माणूस चोरी पकडल्यासारखा ओशाळला. "उठवलं का काकू तुम्हाला?" म्हणाला.

कागद वाचू नयेत हे मला कळतं. पण ट्रेमधून उचलताना डोळे मिटून कोणी उचलत नाही. कळंब्यांच्या सुनेला पुण्याला नोकरी लागली हे मला तिच्या सासूच्या आधी कळलं. पोहरकरांच्या बायकोचा डॉक्टरांचा रिपोर्ट आला तो चांगला नव्हता, आणि मी दिवसभर त्यांच्या पावलांची वाट पाहिली. पोहरकर आले, रिपोर्ट घेतला आणि गेले. मला विचारताही आलं नाही, कारण मला माहीत असायचं कारणच नव्हतं. ट्रंक ऑपरेटरचं हेच होतं. दोन माणसांची लाइन जोडून दिली की आपण मधून निघायचं. पण तेव्हा निदान शेजारी कोणी बसलेलं असायचं. स्कीमच्या सगळ्या सुखदुःखांचे कागद माझ्या घरातून जात होते आणि मला एकाही माणसाचं तोंड दिसत नव्हतं. इतकं एकटं मला प्रिंटर नसतानासुद्धा वाटलं नव्हतं.

मग एक दिवस मी प्रिंटर बंद पाडला.

म्हणजे मोडला नाही, तेवढी हिंमत नव्हती. वायफायचं एक बटण होतं, त्याच्याशेजारी निळा दिवा. बटण दाबून धरलं की दिवा जायचा. मी तो घालवला आणि ग्रुपवर लिहिलं, प्रिंटरचं वायफाय बिघडलं आहे, पण वायरनं चालतो, तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी यावं. झेरॉक्सही निघते. लिहून झाल्यावर मी साडी बदलली आणि चिवडा करायला घेतला.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सागर आला, हातात लॅपटॉप. त्याला ऑफिसचे काही कागद काढायचे होते. मी वायर दिली. तो प्रिंटरवर वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. त्याचं बोट त्या बटणापाशी गेलं, तिथं थांबलं आणि मागे आलं. माझा जीव टांगणीला. तो वळून म्हणाला, "खराब झालं असन काकू. नवीन वस्तूंचं असंच आहे आजकाल." आणि पानं काढून, चहाला नाही म्हणून, पाया पडून गेला. पाया पडायचं कारण मला कळलं नाही. पण त्याला काही कळलं नाही, यानंच माझा जीव भांड्यात पडला.

मला वाटलं, आता हळूहळू येतील. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कोणीच आलं नाही. पिशवी रिकामी, ट्रे रिकामा. आधी पावलं तरी वाजायची, आता लोक माझ्या मजल्यावरून जाताना आवाजसुद्धा करेनासे झाले. रसिकाची लेक एकदा जिन्यात मोठ्यानं गाणं म्हणत येत होती, तिला आईनं माझ्या दारापाशी गप्प केलेलं मी आतून ऐकलं. रेवतीचा फोन आला की मी सांगायची, सगळं छान आहे, लोक फार चांगले आहेत. यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

महिनाअखेरीस स्कीमची वार्षिक सभा होती, रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये. पाण्याच्या मोटारीचा विषय झाला, गाड्या धुण्याचा झाला, आणि मग पोहरकर उठून म्हणाले की आता एक आनंदाचं काम. श्रीमती प्रमिला टेंभरे यांनी पुढे यावं. मी गोंधळून पुढे गेले. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मग त्यांनी मीटरच्या शेजारची छोटी खोली उघडली. आत टेबलावर नवा कोरा प्रिंटर होता, माझ्यासारखाच टाकीवाला, वायफायचा. सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेला. सागरनं बर्डीवर जाऊन पारखून घेतला होता, कमी शाईत जास्त पानं देणारा. आता प्रत्येकानं आपल्या घरून पान पाठवायचं आणि खाली येऊन घेऊन जायचं.

"टेंभरे काकूंनी आपल्या सगळ्यांचं फार केलं," पोहरकर म्हणाले. "आता त्यांना कोणी त्रास देणार नाही."

टाळ्या झाल्या. माझ्याकडे सगळे किती प्रेमानं पाहत होते म्हणून सांगू. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणाले, फार आभारी आहे. याहून जास्त बोलले असते तर रडले असते, आणि लोकांना वाटलं असतं की आनंदानं रडते आहे.

घरी येऊन मी शाल घडी करून ठेवली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. मन म्हणत होतं, गप घरात बसावं, देवाचं करावं, जसं सगळ्या म्हाताऱ्या करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि तसं काही केलं नाही. प्लास्टिकची खुर्ची उचलली, जिना उतरले आणि त्या खोलीच्या दारात, नव्या प्रिंटरशेजारी जाऊन बसले. पानं घ्यायला लोकांना तिथं यावंच लागणार होतं. लाज वाटत होती, पण दुपारच्या त्या घराची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

पहिली आली रसिका. बँकेत जायच्या घाईत, एका खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. मला पाहून ती थबकली.

"काकू, तुम्ही इथं काहून बसल्या?"

मी काहीतरी सांगणार होते. पान अडकलं तर काढायला, शाई पाहायला, असलं काही. पण तोंडातून निघालं ते निराळंच. "घरी कोणी येत नाही ना," मी म्हणाले. "म्हणून इथं येऊन बसली."

रसिकाला काही कळेना. तिनं ट्रेमधलं पान उचललं, घडी केली, परत उघडली. मग हळूच म्हणाली, "पण काकू, तुम्हाला तर कंटाळा आला होता ना लोकांचा?"

"मला?"

"सागर म्हणे. तुमचा प्रिंटर बिघडला नव्हता. वायफाय तुम्हीच बंद केलं होतं, त्यानं पाहिलं ना. म्हणे, काकूंना तोंडावर नाही म्हणवत नाही बिचाऱ्यांना, म्हणून बंद करून ठेवला. त्याला फार वाईट वाटलं. म्हणे, आपण म्हाताऱ्या माणसाला किती छळलं." ती बोलता बोलता थांबली. "ग्रुपवर लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं. म्हणून तो घरोघरी गेला, सगळ्यांच्या घरी. एकेकाकडे बसून समजावून सांगितलं, की काकूंकडे आता कोणी जायचं नाही, बेल वाजवायची नाही, जिन्यात आवाज करायचा नाही. आणि नवीन घेण्याचंही तेव्हाच ठरलं."

सागर प्रत्येक घरी गेला होता. प्रत्येक घरात बसला होता, चहा झाला असेल, माझ्यावर बोलणं झालं असेल, अगं बाई, हो का, असं लोक म्हणाले असतील. सगळ्या स्कीमची दारं त्या दोन-तीन संध्याकाळी उघडली होती, तीही माझ्यासाठी. एक माझं तेवढं सोडून.

"रसिका, मला कंटाळा नव्हता आला," मी म्हणाले. "मी बंद केला तो लोकांनी घरात यावं म्हणून केला. पिशवीत पानं टाकून टाकून जीव गेला माझा. मला कोणी बोलायला पायजे होतं ग. प्रिंटर घेतला तोच त्याच्यासाठी."

इतकं सरळ मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, रेवतीलासुद्धा नाही. रसिकाच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं, पण तिला आला राग.

"मग तुम्ही काहून नाही आल्या आमच्याकडे? एवढ्या दिवसांत एकदा तरी? दार तर समोरच आहे आमचं."

मी बर्डीवर गेले, पेन्शनीतले पैसे मोडले, चिवडे केले, उत्तम पानं काढली, बटणं दाबली. समोरची बेल तेवढी दाबली नव्हती. भंडाऱ्याला मी कोणाच्याही घरात शिरायची, पण ही शहरातली नोकरीवाली माणसं. "काही काम नव्हतं ना," मी म्हणाले. "कामाशिवाय कसं यायचं कोणाकडे?"

रसिकानं हातातल्या पानाकडे पाहिलं. "मी पण तेच म्हणून राहिली होती," ती म्हणाली. "सागरला दहादा म्हटलं, जाऊन बसावं काकूंकडे थोडं. पण काम नसताना कसं जायचं?"

तिला उशीर झाला होता. ती गाडी काढून गेली. मी आणखी थोडा वेळ बसले. कोणीतरी वरून पाठवलेलं एक पान माझ्यासमोर निघालं आणि ट्रेमध्ये पडलं. मी ते वाचलं नाही. खुर्ची उचलली आणि वर आले.

संध्याकाळी समोर दिवे लागलेले दिसले तेव्हा मी तोंड धुतलं, केस नीट केले. वाटीत काहीतरी घालून न्यावं म्हणून हात डब्याकडे गेला होता, तो मागे घेतला. रिकाम्या हातानं दार ओढून घेतलं, पलीकडे गेले आणि बेल वाजवली. आत गावंड्यांच्या लेकीचा काहीतरी हट्ट चालला होता, तो थांबला. सागरनं दार उघडलं. मला पाहून तो एकदम अदबीनं मागे सरला.

"या ना काकू. काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणाले, आणि चपला काढल्या.